आपलाच कापूस

भावाचं, गौतमचं, तपासून उरलेलं रक्त डिंपल ब्लीचच्या पाण्यात ओतत होती तेव्हा सौंसरहून फोन आला. हातात मोजे होते म्हणून तिनं कोपरानंच फोन जवळ सरकवला आणि स्पीकर लावला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या, छिंदवाड्याकडच्या असाव्यात, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. तुमच्या भावाला पहाटे आणलंय, पाठ आणि मांड्या दुखताहेत, हिमोग्लोबिन फारच खाली गेलंय, आज रक्त चढवलं नाही तर अवघड आहे. नमुना पांढुर्ण्याच्या रक्तपेढीत पाठवला होता, तिथं जुळणारी पिशवी निघाली आहे, पण तुमची आई नाही म्हणते आणि तो आईच्या तोंडाकडे बघतो. इथपर्यंत डिंपल नुसतं हो, हो म्हणत होती. असे फोन तिला नवे नव्हते, ती मनातल्या मनात आईला समजावण्याची वाक्यंही जुळवायला लागली होती. मग बाईंनी विचारलं, की आई म्हणतात आमचं स्वतःचं रक्त नागपूरहून येतंय, मुलगी आणून राहिली, तर तुम्ही ते कुठल्या रक्तपेढीतून आणताय? डिंपलनं बेसिनकडे पाहिलं. ब्लीचमध्ये रक्त लाल राहत नाही. आधी तपकिरी होतं, मग चहाच्या गाळासारखं तळाशी बसतं. गौतमचं रक्त तळाशी बसत होतं. ती म्हणाली की पांढुर्ण्याची पिशवीच मी घेऊन येते, तिथूनच येते, फक्त आईला ते सांगू नका.

का सांगू नका म्हटलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. मोजे काढून तिनं हात धुतले, पुन्हा धुतले. शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत कुणी नसतं. फ्रीज घरघरत असतो आणि शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी नळ्या मशीनमध्ये गरगर फिरत असतात. टेबलावर तिची काचेची नळी अजून लावलेली होती, केसाहून बारीक. गेली काही वर्षं डिंपल सोमकुवर या बाईचा उद्योग एवढाच होता, की सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातली एक तांबडी पेशी धरायची, त्या नळीच्या तोंडाशी आणायची, हळूच ओढ द्यायची आणि पेशीची जीभ नळीत किती आत येते ते बघायचं. चांगल्या माणसाची पेशी लगेच जीभ काढते, दुमडते, सरकते. अंगात तिला अशाच अरुंद गल्ल्यांमधून दिवसभर जावं लागतं, तिला सवय असते. गौतमची पेशी दारातच अडते. सिकलसेलच्या शिबिरांत पोस्टरवर विळा काढलेला असतो, पेशी विळ्यासारखी वाकडी होते हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण वाकडं कसंही निघून जातं. कडक असतं ते अडतं, त्याच्यामागे दुसरं येऊन अडतं, आणि मग माणूस स्वतःची मांडी दोन्ही हातांनी धरून ओरडतो. संत्र्याच्या सालीत काही कडू द्रव्यं असतात. ती पेशींना पाजली की डिंपलच्या नळीत काही पेशींची जीभ थोडी अधिक आत यायची. थोडीच. तीही बशीत. तेवढं द्रव्य रक्तात पोचायला माणसाला सबंध बगीचा खावा लागेल, तोही सालीसकट, आणि एवढं करून पोट ते परस्पर पचवून टाकणार. हे तिनं आपल्या शोधनिबंधात शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं. शेवटचा परिच्छेद कुणी वाचत नाही. तिनं सौंसरला नेण्याची नेहमीची पिशवी उचलली, ती दाराशी भरलेलीच असायची, आणि ऑटो करून स्टेशनवर गेली.

इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत तिला काटोलनंतर बसायला मिळालं. तोवर दाराशी उभी राहून ती आईवर चरफडत होती. पहिल्यांदा तिला वाटलं, आईनं डॉक्टरणीला टाळायला थाप मारली. मागच्या खेपेला रक्त चढवल्यावर गौतमला हुडहुडी भरून ताप आला होता, तेव्हापासून आईच्या मनात दुसऱ्याच्या रक्ताबद्दल अढी बसली होती. हे डिंपलला ठाऊक होतं. पण आई, पंचफुला, थापा मारणारी बाई नव्हे. तिला खोटं बोलता येत नाही, ती गप्प बसते. नवरा होता तेव्हाही ती गप्पच बसायची. म्हणजे आईनं डॉक्टरणीला सांगितलं ते तिला खरं वाटत होतं. आमचं रक्त येऊन राहिलं. खिडकीबाहेर नरखेडच्या अलीकडची कपाशी दिसत होती, वेचणी होऊन गेलेली, बोंडांच्या सुकल्या टरफलांमध्ये मागाहून फुटलेली तेवढी पांढरी फरदड लोंबत होती, आणि ती बघताना डिंपलला एकदम आईचा दर महिन्याचा प्रश्न आठवला. ती महिन्यातून एकदा घरी जाई, गौतमच्या दंडाला रबर बांधून थोडं रक्त काढी, बर्फाच्या डब्यातून नागपूरला नेई. निघताना आई दर वेळी दारात येऊन विचारायची, "मागचं मऊ झालं का व?" आणि डिंपल चप्पल घालता घालता म्हणायची, "होऊन राहिलं आई, थोडं थोडं."

गादीचा कापूस. तो तिला किती वर्षांत आठवला नव्हता. लहानपणी थंडी पडण्याआधी आई घरातली एकुलती एक गादी उसवायची. गौतम दुखण्यात तिच्यावर लोळायचा, तापानं घामेजायचा, त्यामुळे आतला कापूस बसून त्याच्या गाठी होत आणि मग गादीच त्याला टोचायला लागे. आई तो सगळा कापूस जुन्या लुगड्यात बांधायची, गाठोडं डोक्यावर घ्यायची आणि डिंपलला सोबत घेऊन बोरगावहून सौंसरला पिंजाऱ्याच्या दुकानी जायची. तिथं धडधडणारं मशीन होतं आणि दुकानभर कापसाचे तंतू तरंगत असत. बाकीचे लोक गाठोडी टाकून बाजारात जात आणि संध्याकाळी भरून शिवलेली गादी घेऊन जात. पंचफुला जागची हलायची नाही. आपल्या कापसावर डोळे लावून उंबऱ्याशी बसून राहायची, तहान लागली तरी उठायची नाही. तो कापूस तिनं स्वतः वेचलेला होता, लग्नाआधी, तिच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी पडलेले चरे डिंपलनं पाहिले होते. पिंजारी चेष्टा करायचा, की बाई, कापूस काय, सगळा सारखाच. आई म्हणायची, सारखा कसा, दुसऱ्याच्या गादीवर कोण निजलं, कोण मेलं, ते आपल्या पोराच्या पाठीखाली कायले. मशीनमधून कापूस फुलून बाहेर पडला की ती उठायची, अंगठा आणि दोन बोटांत एक पुंजका धरून चिमटीत दाबायची. मऊ झाला म्हणायची. मगच गादी भरू द्यायची. त्या दिवशी गौतम नव्या गादीवर शांत निजायचा आणि आई त्याच्याकडे बघत भाकरी थापायची. डिंपलच्या आठवणीत आईचा एवढा समाधानी चेहरा दुसरा कुठलाच नाही.

आणि आपण तिला काय सांगितलं? डिंपल एकेक वाक्य काढून तपासू लागली. दोन दिवाळ्यांपूर्वी तिनं मोबाइलवर चित्रफीत दाखवली होती. नळीच्या तोंडाशी अडलेली पेशी, आणि मग सालीचा अर्क दिल्यावर हळूहळू आत सरकणारी दुसरी पेशी. आईनं फोन डोळ्यांजवळ धरून विचारलं होतं, हे आपल्या गौतमचंच? हो. संत्र्याच्या सालीनं मऊ झालं? हो, थोडं. सगळं खरं होतं. एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि त्या खऱ्या वाक्यांच्या जोरावर आई आज दवाखान्याच्या उंबऱ्याशी बसून राहिली होती. दुसऱ्याच महिन्यात तिनं सालीचं गाठोडं हातात ठेवलं होतं. गावातल्या बागाइतदार भैय्याजींच्या बगीच्यात ती संत्री निवडायच्या कामाला जाई, गळून पडलेली फळं तिला मिळत, त्यांच्या साली तिनं टिनाच्या पत्र्यावर वाळवल्या होत्या, पांढरा भाग खरवडून, एकसारख्या. डिंपलला किती आनंद झाला होता! आई आपल्या कामात रस घेते, असं तिनं गाईडलाही कौतुकानं सांगितलं. त्या साली तिनं खरोखर वापरल्या. आता तिला कळलं, की आईनं पिंजाऱ्याकडे कापूस टाकताना सोबत नवी खोळ द्यावी तशी ती सामग्री दिली होती. आणि दर महिन्याला दिलेलं रक्त तिकडे नागपुरात पिंजून, मऊ होऊन, साठून राहिलं आहे, पुरेसं जमलं की मुलगी ते परत आणून भरेल, असं ती धरून चालली होती. त्यात कुठे चूक होती? घेऊन गेलेली वस्तू परत येते हेच तिनं जन्मभर पाहिलं होतं. दळायला दिलेले गहू पीठ होऊन येतात. वस्तू घेऊन जायची आणि ती नळातून सोडून द्यायची, हा प्रकार फक्त डिंपलच्या खात्यात चालतो.

तिला आईचा राग आला. खरोखर आला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पोरगा तिकडे तळमळतोय आणि ही पिंजाऱ्याची वाट बघत बसली आहे. आणि तो राग तसाच असताना तिला आईचा हेवाही वाटला. डिंपलला त्या नळीवर कधी एवढा विश्वास बसला नव्हता. आलेखातली रेघ वर चढली तेव्हा ती प्रयोगशाळेत एकटीच हसली होती, पण ते हसू रेघेसाठी होतं. गौतमसाठी तिनं काय केलं, असा प्रश्न कुणी विचारला असता तर तिच्यापाशी सुई टोचण्याखेरीज सांगण्यासारखं काही नव्हतं. गौतम कधी तक्रार करायचा नाही. दंड पुढे करायचा, दुसऱ्या हातानं मोबाइलवर काहीतरी बघत राहायचा. एकदाच म्हणाला होता, की माह्यं रक्त माह्यापेक्षा जास्त फिरून आलं, ताई. बोरगावच्या चौकात मोबाइल दुरुस्तीचं टेबल लावून बसणारा हा तिचा भाऊ, दुखणं नसेल त्या दिवशी सगळ्या गावाला हसवतो, आणि थंडी पडली की तिला फोनकडे बघायची भीती वाटते.

पांढुर्ण्याला उतरताना तिला सिकलसेलचं ते जुनं शिबिर आठवलं. इथंच, एका शाळेच्या हॉलमध्ये झालं होतं. गौतम चौथीत असेल. समुपदेशक बाईंनी चौघांना पुढ्यात बसवून लाल आणि पांढरे मणी मांडले होते, लाल ते दुखण्याचे. आईकडे एक लाल, एक पांढरा. वडिलांकडे एक लाल, एक पांढरा. दोघांनाही काही होत नाही, एका पांढऱ्या मण्यावर निभतं. डिंपलला एक लाल आला. गौतमला दोन्हीकडून लालच आले. बाई समजावत होत्या, की यात कुणाचा दोष नसतो, आणि वडील, हिरामण सोमकुवर, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणारा धिप्पाड माणूस, एकदम उठून उभे राहिले होते. माझ्या घराण्यात असं कुणी नव्हतं म्हणाले आणि बाहेर जाऊन बिडी ओढत राहिले. घरी आल्यावर त्या मण्यांबद्दल कुणी बोललं नाही. वडील हृदयविकारानं गेले तोवर नाही, नंतरही नाही. आई तिथं काय बोलली होती? डिंपलनं खूप आठवून पाहिलं. आईनं फक्त तो लाल मणी उचलून तळहातावर घेतला होता, आणि बाईंनी मागितल्यावर परत दिला होता.

रक्तपेढीतल्या अंकुश नावाच्या तंत्रज्ञानं चिठ्ठी पाहिली, फोन लावून खात्री केली, आणि पिशवी काढून थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटांमध्ये नीट बसवली. बदली रक्तदाता लागत नाही म्हणाला, सिकलसेलवाल्यांना नियमच आहे तसा. डिंपलनं तरी विचारलं, की माझं चाललं असतं का. मग स्वतःच म्हणाली, नाही, मी वाहक आहे. तो बरं म्हणाला आणि डब्याला चिकटपट्टी लावू लागला. पिशवीवर गट होता, तारीख होती, एक क्रमांक होता. कुणाचं ते लिहिलेलं नव्हतं. कुणीतरी एका सकाळी येऊन बाकावर आडवा झाला असेल, चेंडू दाबला असेल, चहा-बिस्कीट घेऊन आपल्या कामाला निघून गेला असेल. त्याच्या पेशींना कुणी काही पाजलेलं नव्हतं. त्या आपल्या आपण दुमडतात, कुठल्याही गल्लीतून जातात. डिंपलनं इतकी वर्षं नळीला डोळा लावून जे केलं नाही, ते त्या अनोळखी माणसानं चहा निवायच्या आत केलं होतं. तिला त्याचे आभार मानावेसे वाटायला हवे होते. तिला फक्त थकवा आला.

सौंसरला जाणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये ती डबा मांडीवर घेऊन बसली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्यांचे बगीचे, अंबिया बहार संपत आलेला, झाडांखाली काळोख साचायला लागला होता आणि मधूनच एखादं तोडायचं राहिलेलं फळ दिसे. शेजारच्या म्हाताऱ्यानं, गाडीतले सगळे त्याला भिवाजी म्हणत होते, डब्याकडे बघून विचारलं की मच्छी आहे का. औषध आहे म्हटल्यावर तो जरा सरकून बसला, तिला अधिक जागा मिळावी म्हणून. तिनं मनात वाक्य तयार केलं. आई, हे गौतमचं नाही. गौतमचं मी ठेवत नाही, ते ठेवता येत नाही, तपासून झालं की टाकून द्यावं लागतं. हे दुसऱ्याचं आहे, पण चांगलं आहे, आणि हेच हवं आहे. वाक्य बरोबर होतं, पण ऐकल्यावर आईचं तोंड कसं होईल ते तिला दिसत होतं. आई ओरडणार नाही, रडणारही नाही. इतके दिवस नेलेलं सगळं? एवढंच विचारील. आणि मग कदाचित गौतमला उठवून घरी घेऊन जाईल. किंवा जाणार नाही, चढवू देईल, आणि नंतर कधीच दारात येऊन काही विचारणार नाही. यातलं अधिक वाईट कोणतं, ते डिंपलला ठरवता येईना. गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा तिनं डबा दोन्ही हातांनी उचलून धरला.

पंचफुला वॉर्डाच्या दाराशी, उंबऱ्यालगत फरशीवर बसलेली होती. डब्याकडे पाहून ती उठली, गुडघ्यावर हात देत, आणि तिचा सगळा चेहरा सैल पडला. "आणलं?" डिंपल म्हणाली, हो. वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. आई वळून नर्सला सांगत होती, की पहा, म्या म्हनलं नव्हतं, माही पोरगी आणून राहिली म्हणून. डॉक्टरीणबाईंनी डिंपलकडे एकदा बघितलं आणि कागद पुढे केला. रक्त येतंय कळल्यावर गौतमनं सही करून ठेवली होती, वाकडीतिकडी. तो कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडला होता, डोळे पिवळे, ओठ कोरडे. नर्सनं पिशवी बाहेर काढली, क्रमांक वाचला, बाईंनी तो कागदाशी ताडून पाहिला. मग आईनं विचारलं, की हात लावू का. नर्सला ते चमत्कारिक वाटलं असावं, पण तिनं पिशवी पुढे धरली. पंचफुलानं हात पदराला पुसला, अंगठा आणि दोन बोटांत पिशवीचा कोपरा धरला आणि हळूच दाबला. थंड आणि जड पिशवी, तिच्या चिमटीत थोडी दबली आणि पुन्हा भरली.

"मऊ झालं," ती म्हणाली.

ते ऐकून डिंपलच्या तोंडातलं वाक्य गेलं. ते पुन्हा सापडणार नाही हे तिला त्याच क्षणी समजलं. नळीतून पहिला थेंब पडला, मग दुसरा. आई बराच वेळ उभीच होती, मग गौतमच्या तोंडाला लावायला कोमट पाणी आणते म्हणून बाहेर गेली. गौतमनं डोळे उघडले. डिंपल त्याच्या उशाशी स्टुलावर बसली. तो हळू आवाजात बोलला, शब्दांच्या मध्ये श्वास घेत.

"कोणाचं आहे ताई?"

"माईत नाही. लिहिलेलं नसते."

"आईले सांगू नोको."

त्याला पहिल्यापासून माहीत होतं. आई साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरते, की माझी पोरगी भावाचं रक्त पिंजून राहिली. एकदा त्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला होता, तिनं ऐकूनच घेतलं नाही, शेजारणीच्या म्हशीचं काहीतरी बोलू लागली. "पण तवापासून तिले झोप लागते," तो म्हणाला. "आधी म्या कूस बदलली की उठून बसे." डिंपलनं विचारलं की मग आज सकाळी तू तरी का हो म्हणाला नाहीस, तुझ्या जिवावर बेतलं असतं. तो जरासा हसला. म्हणाला की तू येशील हे माहीत होतं, आणि तिच्या पुढ्यात दुसऱ्याचं घ्यायचं म्हणजे तिला खोटं पाडणं झालं असतं. मग त्यानं डोळे मिटले. या दोघांनी तिच्यासाठी जागा आखून ठेवली होती आणि ती बरोबर त्या जागेत येऊन बसली होती. तिला आपल्या शहाणपणाची मनापासून शिसारी आली. पुढे तीन-चार महिन्यांनी थेंब थेंब करून हे रक्त संपेल, गौतमच्या हाडांतून पुन्हा त्याचं स्वतःचं येईल, कडक. तेव्हा आई विचारील, की पिंजलेलं भरलं होतं ना, मग पुन्हा गाठी कशा झाल्या? त्याचं उत्तर आईपाशी तयारच असणार. गादी पुन्हा बसतेच. पुन्हा उसवायची, पुन्हा न्यायची. आणि पुन्हा एखाद्या पहाटे ती उंबऱ्याशी बसून राहील, तेव्हा गाडी चुकलेली असली तर.

आई पाणी घेऊन आली. बोट बुडवून तिनं गौतमचे ओठ ओले केले. त्याचा चेहरा निवळला होता, निदान तिला तसं दिसत होतं, आणि कदाचित खरंही असेल. डिंपल बळ एकवटून म्हणाली, की आई, पुढच्या डावी असं थांबाचं नाही, डॉक्टरनी देईन ते घ्याचं, तेही चांगलंच असते. आईनं मान हलवली, समजूतदारपणे, लहान मुलाचं ऐकल्यासारखी. ती काही वेळ नळीतले थेंब बघत राहिली. मग खाटेच्या कडेवर टेकली, डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि हात डिंपलच्या मांडीवर ठेवला.

"आता माह्यं घेऊन जा," ती म्हणाली. "त्या शिबिरात मणी दाखोले होते त्यायनं. एक माहा, एक तुह्या बाबाचा. तुहे बाबा त गेले, त्यायचं राहिलं. माह्यं त होते न."

गौतमनं भिंतीकडे तोंड फिरवलं. डिंपलनं मांडीवरच्या त्या हाताकडे पाहिलं. इतकी वर्षं आईनं तो मणी जपला होता. बगीच्यात संत्री निवडताना, साली खरवडताना, प्रत्येक थंडीत पोराचे पाय चोळताना, तो तिच्या तळहातावरच होता. कुणी मागितला नव्हता म्हणून तिनं दाखवला नव्हता. "तुह्यं कडक नाही आई," डिंपल म्हणाली. हे तरी खरं होतं, अगदी खरं, तिच्या हातात दुसरं काही खरं उरलं नव्हतं. "माह्यं म्या पाह्यलं नळीत. तुह्यासारखंच आहे. ते जाते. त्याले काही कराले नाही लागत."

"मंग त्याच्यात कुठून आलं?"

मण्यांनी याचं उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर ऐकूनच तर आई हात पुढे करून बसली होती. डिंपलनं पिशवी उघडली. रबर, सुई, नळी, कापूस, सगळं नेहमीच्या जागी होतं. तिनं आईच्या दंडाला रबर बांधलं. हात सुरकुतलेला होता, बोटांवरचे जुने चरे पांढरे पडले होते, पण नस लगेच सापडली. सुई आत गेली तेव्हा आईनं पापणीही हलवली नाही. रक्त नळीत सहज चढलं, गौतमचं चढतं त्याहून कितीतरी सहज, आणि आई ते डोळे भरून बघत होती. नळी भरल्यावर डिंपलनं सुई काढली, कापसाचा बोळा दाबला.

"एवढंसंच? आखीन घे न."

"पुरे होते आई."

"बरं." आईनं बोळा स्वतःच्या अंगठ्यानं दाबून धरला. "घाई नोको करू. काम होयेपर्यंत तिथंच बसून राहाजो. दुसऱ्याच्यात मिसळू नोको देऊ."

डिंपल हो म्हणाली. तिनं नळीवर आईचं नाव लिहिलं. थर्मोकोलच्या डब्यातला बर्फ अजून पुरता विरघळला नव्हता. नळी त्यात उभी करून तिनं झाकण लावलं.